वाघूळ आणि अळमी: एकाच मापाने मोजू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस लागला की गोव्यातल्या वाचकपत्रांत दोन विषय हटकून येतात. पहिला वाघळांचा. देवळाजवळच्या वडावर शेकडो वाघळे लटकतात, खाली घाण होते, चिकू खाऊन टाकतात, उद्या निपा विषाणूचा आजार आणतील, तेव्हा झाड तोडा नाहीतर त्यांना हाकला. दुसरा विषय रोयणीच्या अळम्यांचा, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवणाऱ्या रानटी मशरूमचा. अळमी वर्षागणिक कमी होत आहेत, तोडणीवर सरसकट बंदी घाला, असे एक पत्र येते. लगेच दुसरे येते की आमच्या पणज्यांपासून सगळे अळमी काढत आले, म्हणून ती कधी संपली का? या पत्रांतली कळकळ खरी असते, पण माप चुकलेले असते. वाघूळ जितकी मारली तितकी पुन्हा होतील असे आपण धरून चालतो, आणि अळमे तोडले म्हणजे तो जीवच संपला असे समजतो. दोन्ही समजुती उलट्या आहेत.

थोडक्यात सांगायचे तर अळमे तोडणे म्हणजे झाडावरचा आंबा काढणे. वाघूळ मारणे म्हणजे आंब्याचे झाड बुंध्यापासून तोडणे. आणि रोयण खणणे किंवा तिच्यात कीटकनाशक ओतणे, हेही झाड तोडणेच आहे. हा फरक कळला नाही तर आपण नको तिथे बंदी मागत राहू आणि हवी तिथे गप्प बसू.

आधी जाती स्पष्ट करतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. जुन्या घरांच्या कौलांखाली फडफडणारी लहान वटवाघळे किडे खातात. त्यांच्याबद्दल हे पत्र नाही. केळीच्या आणि माडाच्या झावळ्यांत राहणारे लहान फळखाऊ वटवाघूळही वेगळे. आम्ही बोलतो आहोत ते दिवसा उघड्या झाडावर शेकड्यांनी लटकणाऱ्या सर्वांत मोठ्या वाघळाबद्दल. शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस, जुन्या पुस्तकांत टेरोपस जिगँटियस. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत सव्वा ते दीड मीटर, वजन ६०० ग्रॅमपासून दीड किलोपर्यंत, कोल्ह्यासारखे तोंड, मानेभोवती सोनेरी-तपकिरी लव. लहान वटवाघळांसारखे आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून ते वाट काढत नाही. डोळे आणि नाक यांवर त्याचे सगळे चालते.

अळम्यांतही तसेच. बाजारात डब्यातून मिळणारे बटन किंवा धिंगरी हे लागवडीचे प्रकार, त्यांचा इथे संबंध नाही. श्रावणाच्या आगेमागे रस्त्याच्या कडेला पानांत बांधून, मोजून विकतात ती रोयणीची अळमी टर्मिटोमायसिस या वंशातली. या वंशाला नाव दिले फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये. दक्षिण भारतातल्या एका मोठ्या जातीचे वर्णन १९७९ मध्ये झाले तेव्हा तिला हाइम यांच्याच नावावरून टर्मिटोमायसिस हाइमी म्हटले गेले. गोव्यात या वंशाच्या अनेक जाती उगवतात. आम्ही जे लिहितो आहोत ते मुख्यतः या मोठ्या जातीबद्दल. ही बुरशी आहे, भाजी नव्हे. श्रावणात शागोती करून खाताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही, पण बुरशी माडापेक्षा वाघळाच्या जवळची नातेवाईक आहे. तिला स्वतःचे अन्न उन्हात बनवता येत नाही. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, म्हणजे कुर्ल्यांच्या कवचात असते त्याच द्रव्याच्या, आणि अन्न ती आपल्या यकृतासारखे ग्लायकोजेनच्या रूपात साठवते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: जीव म्हणजे नेमका कोणता भाग?

वाघळाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. फांदीला लटकलेले दिसते ते संपूर्ण जनावर. त्यापलीकडे मातीत, मुळांत, बियाण्यात कुठे शिल्लक काही नाही. मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. मिलनाचा काळ जुलै ते ऑक्टोबरच्या आसपास, गर्भ १४० ते १५० दिवसांचा, पिल्ले फेब्रुवारी ते मे या महिन्यांत. पहिले काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून तिच्याबरोबर उडते. मग ती त्याला झाडावर ठेवून चरायला जाते. स्वतः नीट उडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागतात, दूध सुटायला पाच. वयात यायला दीड ते दोन वर्षे. दीड किलोच्या जनावरासाठी ही फारच संथ गती आहे. त्याच्या निम्म्या वजनाचा ससा वर्षात कितीतरी वेळा वितो.

उदाहरणापुरता हिशोब मांडून पाहा. एका वडावर २०० वाघळे आहेत, त्यांतल्या वयात आलेल्या माद्या ८० धरा. वर्षाला फार तर ८० पिल्ले. निम्मी जगली तर ४०. म्हातारपण, विजेच्या तारा, आजार यांनी २० मोठी गेली, तर वर्षाची निव्वळ वाढ २०. आता एप्रिलमध्ये कोणी झाडाखाली फटाक्यांची माळ लावली, माद्या बिथरून उठल्या आणि जगली असती अशी ३० पिल्ले खाली पडून मेली, तर त्या वर्षी वाढ तर नाहीच, उलट १० ची घट. सलग चार वर्षे हे झाले की गावकरी म्हणतात, वाघळे दुसरीकडे गेली. ती सगळीच गेलेली नसतात, पिल्लेच उरलेली नसतात.

अळम्यांचे असे नाही. पानात बांधून मिळते ते फळ आहे. खरा जीव रोयणीच्या पोटात असतो, आणि तो कधीच दिसत नाही. वाळवीच्या कामकरी सुका पाला आणि लाकूड चावून आणतात, ते अर्धवट पचवून त्याच्या बारीक गोळ्यांची एक पोळी रचतात. स्पंजासारखी, अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, मुठीएवढी किंवा मोठी. एका रोयणीत अशा कितीतरी असतात. पोळीच्या वरच्या बाजूला ताज्या गोळ्या लावल्या जातात आणि बुरशी त्यांत पसरते. लाकडातले लिग्निन वाळवीला एकटीला पचत नाही. बुरशी ते फोडते, मग काही आठवड्यांनी पोळीचा जुना खालचा भाग वाळवी खाऊन टाकते. वर बांधायचे, खाली खायचे, असे हे शेत अखंड चालते. पोळीवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे मणी येतात. कामकरी ते खातात, त्यातले बीजाणू पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि नव्या गोळ्यांबरोबर पुन्हा पेरले जातात. वाळवी आणि बुरशी यांची ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. दोघांपैकी एकालाही आता दुसऱ्याशिवाय जगता येत नाही. म्हणूनच अळम्यांची बटन मशरूमसारखी व्यापारी लागवड कोणालाही जमलेली नाही. बुरशीचे तंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतात, पण फळ धरत नाहीत.

या पोळीपासून जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत एक लांब मुळासारखा दांडा वर येतो. त्याच्या टोकाला टोपीची कठीण, अणकुचीदार चोच असते. मातीचा पापुद्रा फोडते ती हीच. म्हणजे वर तोडलेले अळमे गेले तरी खाली पोळी आहे, वाळवी आहे, पुढच्या वर्षी त्याच जागेवर पुन्हा येणार. जागा ठाऊक असलेली माणसे ती कोणाला सांगत नाहीत, त्याला कारण आहे.

मग अळमी कमी का व्हावीत? इथे जरा थांबून पाहावे लागेल, कारण ‘कधी संपली का’ म्हणणाऱ्यांचे उत्तर याच ठिकाणी आहे.

जूनच्या पहिल्या पावसात दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचा पाऊस पडतो तो आपण सगळेच पाहतो. त्या नव्या संसाराला निघालेल्या जोड्या. पंख गाळून जोडी जमिनीत शिरते आणि आपले पहिले कामकरी वाढवते. पण या जातीची वाळवी घरातून निघताना बुरशीचे बियाणे बरोबर नेत नाही. पहिले कामकरी काही आठवड्यांनी चाऱ्यासाठी बाहेर पडतात तेव्हा त्यांना पालापाचोळ्यावर पडलेले बीजाणू गोळा करून आणावे लागतात. आणि नेमक्या त्याच सुमारास, जुलै-ऑगस्टमध्ये, जुन्या रोयणींवर अळमी उमलून बीजाणू सोडत असतात. उमललेली एक टोपी कोट्यवधी बीजाणू सोडते, पण उपयोगी पडतात ते एखाद्या तरुण कामकऱ्याच्या तोंडी लागलेले मोजकेच. बीजाणू मिळाले नाहीत तर पोळी होत नाही आणि पोळी नसेल तर ती नवी रोयण मरते.

बाजाराला काय हवे असते? न उमललेली कळी. ती टिकते, गाडीत मोडत नाही, गिऱ्हाईक तीच उचलते. म्हणून काढणारा पहाटे जाऊन रोयणीवरच्या सगळ्या कळ्या काढून आणतो. जुन्या रोयणीला यात काहीच होत नाही, पुढच्या वर्षी ती पुन्हा तेवढ्याच कळ्या देते, आणि आजी म्हणते, बघ, संपली का? पण त्या टापूत नवी रोयण उभी राहत नाही. रोयणीचे आयुष्य बरेच मोठे असते, म्हणून तोटा लगेच दिसत नाही. जुन्या रोयणी मरायला लागल्या की मग दिसतो, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहिलेले नसते.

तर दोघांची तुलना अशी आहे. वाघूळ वर्षाला एक पिल्लू देते आणि ते पाच महिने सांभाळते. बुरशी कोट्यवधी बीजाणू सोडून देते आणि एकाचीही काळजी घेत नाही, ती काळजी वाळवी घेते. वाघळात एक मेले की एक कमी. बुरशीत शंभर तोडली तरी जीव एकही कमी होत नाही, मात्र उमलणे थांबवले तर पुढची पिढी थांबते. म्हणून वाघळाला संख्येचे संरक्षण हवे आणि अळम्याला वेळेचे.

अळमी काढणाऱ्यांसाठी आमचे म्हणणे त्यामुळे बंदीचे नाही, पद्धतीचे आहे. अभयारण्यांत मात्र प्रश्नच नाही. म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर, खोतीगाव, बोंडला इथून परवानगीशिवाय वनोपज नेणे वन्यजीव कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. बाहेरच्या कुळागरांत (सुपारीच्या बागांत), काजूच्या डोंगरांत आणि भाटांत (माडांच्या बागांत) मात्र पुढील गोष्टी पाळता येतात.

दांडा मातीच्या पातळीला धारदार सुरीने कापा. लांब दांड्याला भाव मिळतो म्हणून कोयत्याच्या टोकाने खणत जाण्याची सवय वाईट आहे. मोठ्या रोयणीत पोळी कधी वीतभरावरही असते, ती फुटली आणि पाणी आत शिरले की बुरशी कुजते. एका रोयणीवर जेवढी अळमी आली असतील त्यातली निदान पाचात एक उमलायला ठेवा, आणि तीही कडेची, किडकी नव्हे तर मधली चांगली. उमललेली टोपी दोन दिवसांत बीजाणू सोडून गळून जाते, तेवढाच तिचा काळ आहे. प्लास्टिकच्या पिशवीत अळमी घाम धरून काही तासांत काळी पडतात, बांबूची पाटी आणि पाने हाच जुना उपाय बरोबर आहे. त्याच दिवशी शिजवा. संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या उमललेल्या टोपीत अळ्या पडतात.

रोयणीच्या माथ्यावर काळ्या, बोटांसारख्या कडक कांड्या उगवलेल्या दिसल्या तर ती झायलेरिया नावाची दुसरी बुरशी. जिवंत रोयणीत वाळवी तिला दाबून ठेवते. ती वर आली म्हणजे आतली पोळी वाळवीने सोडली आहे, तिथून अळमी येण्याची आशा उरलेली नाही. कीटकनाशक ओतलेल्या रोयणीवर ही बोटे पुष्कळदा दिसतात. त्या औषधाची बहुतेक वेळा गरजही नसते. रोयण करणारी वाळवी मुख्यत्वे मेलेला पाला आणि सुके लाकूड खाते. काजूच्या किंवा माडाच्या लहान रोपाला ती लागते ते बहुधा बुंध्याशी सुकी झावळी आणि काटक्या टेकवून ठेवल्यामुळे. रोपाभोवती दोन हात जागा स्वच्छ ठेवा, रोपाला पाणी कमी पडू देऊ नका, आणि रोयण सोडून द्या. गोव्यात गावोगाव सातेरी रोयणीच्याच रूपात पुजली जाते, गर्भकुडीतल्या त्या मातीला हात लावायची कोणाची छाती होत नाही. पण प्लॉट सपाट करताना तशीच रोयण जेसीबीच्या एका फटक्यात जाते आणि तिच्याबरोबर तिथली अळमी कायमची जातात. शंभर माणसांनी वर्षानुवर्षे तोडूनही झाले नसते एवढे नुकसान त्या एका फटक्याने होते.

विषारी अळम्यांबद्दल लिहिले नाही तर हे पत्र धोक्याचे ठरेल. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळी होते, किड्याने खाल्ले ते चांगले, या साऱ्या परीक्षा खोट्या आहेत. खरी पाहणी दोन गोष्टींची करायची. पहिली, दांडा खाली लांब मुळासारखा निमुळता होत रोयणीत जातो का. हिरवळीवर, शेणखतावर, मेलेल्या ओंडक्यावर उगवलेले ते रोयणीचे नव्हे. दुसरी, बीजाणूंचा रंग. टोपी दांड्यापासून कापा, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर पट्ट्यांची बाजू खाली करून ठेवा, वर पेला पालथा घाला, रात्रभर राहू द्या. सकाळी फिकट गुलाबी भुकटी उमटली तर रोयणीच्या अळम्याशी जुळते. हिरवट उमटली तर ते क्लोरोफायलम. पावसाळ्यात बागेतल्या लॉनवर गोल करून येणारे, दिसायला देखणे आणि खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाबाने आडवे करणारे. पांढरी उमटली आणि दांड्याच्या तळाशी पिशवीसारखे आवरण असेल तर ते अमॅनिटा असू शकते. त्यातल्या काही जाती यकृत निकामी करतात आणि लक्षणे उशिरा दिसतात, तोवर विष आपले काम करून चुकलेले असते. दांड्यावरच्या कड्याला फसू नका, हाइमी जातीलाही कडे असते. रंग गुलाबी पण मूळ नाही, किंवा मूळ आहे पण रंग वेगळा, तर टाकून द्या. दोन्ही जुळूनही शंका उरली तर तेही टाका. खाण पट्ट्यातल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरची आणि हमरस्त्याच्या काठाची अळमी ओळखीची असली तरी घेऊ नयेत, बुरशी मातीतले जड धातू ओढून घेते.

आता वाघळांच्या तक्रारी.

चिकू आणि आंबा. वाघूळ पिकलेल्या फळावर येते, वासाने. बाजाराचा आंबा पाड लागताच उतरवला जातो, चिकू कडक असतानाच काढतात. म्हणजे वाघूळ खाते ते बहुतेक शेंड्यावर राहून गेलेले. तरीही चार झाडे वाचवायची असतील तर फळांना कागदी पिशव्या बांधा किंवा जाळी घाला. पण मासे पकडायची बारीक धाग्याची नायलॉनची जाळी नको, तिच्यात पंख गुरफटून जनावर रात्रभर तडफडून मरते. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे भोक नसलेली, करंगळी आत न जाणारी, पांढरी विणलेली जाळी चौकटीवर ताणून बांधा. सैल सोडलेली कोणतीही जाळी सापळाच होते.

त्या बदल्यात वाघूळ काय देते हेही मोजा. फळ चावून ते रस गिळते आणि चोथा थुंकते. वड, पिंपळ, उंबर यांच्या बारीक बिया पोटातून साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतात, आणि तेवढ्या वेळात ते कित्येक किलोमीटर उडून गेलेले असते. मोठी फळे तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते आणि बी तिथे टाकते. काजूच्या बागायतीत वाघळांच्या बसण्याच्या झाडाखाली सोललेल्या बोंडांच्या बियांचा ढीग सापडतो तो यामुळेच, आणि तो वेचणारे वाघळाला शिव्या देत नाहीत. सावरीच्या फुलांतला मध पिताना ते परागही नेते. उघड्या पडलेल्या डोंगरावर उंबराचे पहिले रोप कोणी लावलेले नसते.

निपाची भीती खोटी नाही आणि ती उडवून लावणेही योग्य नाही. याच जातीच्या वाघळांत तो विषाणू आढळतो आणि २०१८ मध्ये कोझिकोड-मलप्पुरम भागात त्याने बळी घेतले. पण झाड तोडल्याने किंवा फटाक्यांनी तो धोका वाढतो. बिथरलेली, उपाशी, गर्भार जनावरे पांगून नव्या वस्तीत शिरतात. करायचे ते साधे आहे. झाडाखाली पडलेले, दात उमटलेले फळ माणसाने खायचे नाही आणि डुकरालाही घालायचे नाही. झाडावरचे फळ धुऊन, सोलून खायचे. माडाची सूर म्हणजे माडी काढणाऱ्या रेंदेरांनी दामण्यावर (रसाच्या मडक्यावर) आणि पोयीवर (फुलोऱ्याच्या कोंबावर) बांबूच्या कामट्यांचे झाकण बांधावे. बांगलादेशात खजुराच्या रसासाठी हा उपाय वाघळांना दूर ठेवतो असे दिसून आले आहे. वडाखाली विहीर असेल तर तिच्यावर पत्र्याचे छप्पर घाला आणि पाणी उकळून प्या.

खाली पडलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नका. त्याला सपाट जमिनीवरून उडता येत नाही, चढायला काहीतरी लागते. जाड गोणपाट किंवा टॉवेल टाकून उचला आणि खडबडीत फांदीवर माणसाच्या उंचीपेक्षा वर लटकवा. पिल्लू असेल तर काळोख पडल्यावर आई शोधत येते. नाही आली तर वन खात्याला कळवा. चावले किंवा ओरखडले तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी इस्पितळात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. दम्यावर वाघळाचे मांस आणि सांधेदुखीवर त्याची चरबी, या औषधांत काहीही तथ्य नाही. मारणे, सोलणे आणि कापणे हाच विषाणूशी गाठ पडण्याचा सर्वांत सरळ रस्ता आहे.

विजेच्या तारांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो. शेजारशेजारच्या दोन तारांमधले अंतर पंखांच्या टोकांपेक्षा कमी असेल तर वाघूळ दोन्हींना एकदम टेकते आणि जागेवर जळते. संध्याकाळी झाडावरून सुटण्याच्या वाटेत अशा तारा असल्या तर वर्षभर एकेक करून मरत राहतात. वीज खात्याने वस्तीच्या झाडापासून दोन्ही बाजूंच्या दोन-तीन खांबांपुरती उघडी तार काढून एबी केबल (वेष्टण असलेल्या तारांची जुडी) टाकली तर प्रश्न मिटतो. त्या भागात फांदी तारेवर पडून वीज जाणेही थांबते.

फांद्या छाटणे खरोखर टाळता येत नसेल तर ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एका वेळी एका बाजूने. फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत त्या झाडाला करवत लावू नये. पूर्ण झाड तोडायचे तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, पंचायतीचा ठराव पुरत नाही.

कायद्याची बाजूही दोघांची उलटी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-घुशी आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होती, म्हणजे कोणीही मारावीत. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले, १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली, आणि हे वाघूळ आता दुसऱ्या परिशिष्टात आहे. गावात अजून पन्नास वर्षांपूर्वीचाच कायदा चालतो. बुरशीला मात्र या कायद्यात घरच नाही. परिशिष्टे प्राण्यांची आणि वनस्पतींची, अळमी दोन्हींत बसत नाहीत. अभयारण्याबाहेरची रोयण सपाट केली तर अळमी गेली म्हणून तक्रार करायला कलम सापडत नाही. उरतो २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्याखाली पंचायतीची जैवविविधता समिती व तिची गावातल्या जीवजातींची लोक नोंदवही.

ती नोंदवही खरी भरली जावी एवढी आमची मागणी आहे. वाघळांची मोजणी सोपी आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी आठच्या आत, ५० मीटर दूर उभे राहून दुर्बिणीने फांदी-फांदी मोजायची. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि दोन्ही आकडे लिहायचे. तीच मोजणी संध्याकाळी सुटताना आभाळाच्या उजेडात केली तर पानांत लपलेलीही हाती लागतात. अळम्यांची नोंद वेगळी: रोयणी किती, त्यांतल्या किती फळल्या, पहिले अळमे कोणत्या तारखेला दिसले, किती उमलायला ठेवली, किती रोयणी त्या वर्षात मोडल्या आणि कशाने. वाघळांचे झाड कुठले ते नोंदवहीत खुशाल लिहावे, ते सगळ्या गावाला दिसतेच. रोयणीची नेमकी जागा मात्र लिहू नये, फक्त वाड्याचे नाव पुरे. ज्याला जागा ठाऊक आहे त्याने ती आतापर्यंत सांभाळली आहे, ती वहीतून बाजारात जाता कामा नये.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हे दोन तक्ते यावेत. या हंगामातली अळमी गळून गेलेली असतील, पण फळलेल्या रोयणी लोकांच्या ध्यानात असतील, आणि वाघळांची नवी पिल्ले तोवर मोजण्याएवढी मोठी झालेली असतील.

आपले,
जीवशास्त्राचे दोन शिक्षक, फोंडा तालुका